तालमीत काय घडते?

जुलै-ऑगस्ट उजाडला की महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक कागद हमखास लागतो. ‘कला मंडळाच्या वतीने एकांकिकेसाठी निवड चाचणी घेण्यात येत आहे. इच्छुकांनी नावे द्यावीत. व्यक्तिमत्त्व विकासाची सुवर्णसंधी.’ हा मजकूर बहुतेक ठिकाणी मराठी विभागाकडून लिहून घेतला जातो, आणि गेली अनेक वर्षे आमच्याकडे तो आम्हीच लिहीत आलो आहोत. त्यातले शेवटचे वाक्य आम्ही कधी विचार करून लिहिले, असे आठवत नाही. तेच वाक्य पुढे वार्षिक अहवालात जाते, ‘नॅक’साठी तयार करावयाच्या धारिकेत जाते, प्रमाणपत्रावर छापले जाते. प्रस्तुत लेखात त्या एका वाक्याची झडती घ्यावी, एवढाच हेतू आहे.

याला निमित्तही घडले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने एप्रिल 2023 मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा ठरवला, त्यात सांस्कृतिक उपक्रम आणि सादरीकरणाच्या कला यांना राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा, योग यांच्या जोडीने सहअभ्यासक्रमाचे स्थान मिळाले आणि त्यांना श्रेयांक लागू झाले. आजवर तासांनंतर, रिकाम्या वर्गात, बाके भिंतीला सरकवून चालणारी तालीम आता गुणपत्रिकेत आली. ज्याला गुण द्यायचे ते नेमके काय आहे, हा प्रश्न त्यामुळे टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असे उत्तर देऊन सुटका होणार असेल, तर त्या शब्दांच्या आड काय आहे ते एकदा पाहिलेच पाहिजे.

नेहमीची उत्तरे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. रंगमंचावर गेल्याने आत्मविश्वास वाढतो, सभाधीटपणा येतो, संघभावना रुजते. यांतले काहीच खोटे नाही. पण आपण निवड चाचणी कशी घेतो ते आठवून पाहावे. पुढे येऊन मोठ्याने बोलणारा, न अडखळणारा, चारचौघांत न बुजणारा विद्यार्थी आपण निवडतो. म्हणजे धीट असलेल्यालाच आपण रंगमंचावर पाठवतो आणि वर्षअखेरीस अहवालात लिहितो की, रंगमंचामुळे तो धीट झाला. जो खरोखर बुजरा होता, तो चाचणीच्या दारातूनच परतलेला असतो. त्याची नोंद कोणत्याही धारिकेत नसते.

दुसरे उत्तर नावांचे असते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे आले. एक बालरोगतज्ज्ञ, दुसरे मानसोपचारतज्ज्ञ. आणि दोघांनीही मराठी रंगभूमीचा इतिहास घडवला. हे उदाहरण देताना आपला स्वर नकळत चढतो, आणि तो चढावा असेच त्यांचे कर्तृत्व आहे. परंतु महाविद्यालयीन नाटकात उभे राहिलेल्या हजारो मुलामुलींपैकी बहुतेक जण पदवीनंतर पुन्हा कधी तोंडाला रंग लावत नाहीत. कुणी दुकान चालवतो, कुणी शेती पाहतो, कुणी पतपेढीत नोकरी करते. कला मंडळाचे समर्थन करायचे असेल, तर ते या माणसांच्या संदर्भात करता आले पाहिजे. दोन थोरांची नावे घेऊन बाकीच्यांचा हिशेब चुकता होत नाही.

म्हणून मोठ्या नावांचा आधार सोडून आम्ही आमच्याच तालमीतल्या दोन प्रसंगांकडे वळतो. त्यांतला पहिला आमच्या अपयशाचा आहे.

2012 सालची गोष्ट. आमचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे. त्या वर्षी विद्यार्थ्यांनीच लिहिलेली एक एकांकिका आम्ही बसवायला घेतली होती. पट कमी झाल्यामुळे गावातली शाळा बंद होते, त्या शेवटच्या दिवसाची ती गोष्ट. मुख्याध्यापक रिकाम्या वर्गात हजेरी घेतो, हा तिचा शेवट. निवड चाचणीत द्वितीय वर्षाच्या एका मुलाने ही हजेरी वाचली. एकेक नाव घेऊन तो थांबत होता. ‘हजर’ हा आवाज येण्याइतका वेळ तो थांबत होता आणि मग पुढचे नाव घेत होता. संहितेत अशी कोणतीही सूचना नव्हती. वर्गात कुणी हलले नाही. मात्र त्याच्या बोलण्यात ‘पानी’, ‘कोन’, ‘आनि’ असे उच्चार होते. आमच्यापैकी एकाने विचारले, ‘मुख्याध्यापक असा बोलेल का?’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. भूमिका स्वच्छ उच्चारांच्या दुसऱ्या मुलाला गेली. याला आम्ही म्हणालो, ‘तू नेपथ्याला राहा.’ तो म्हणाला, ‘हो सर.’ दोन दिवस आला. तिसऱ्या दिवसापासून आला नाही. आम्ही चौकशीही केली नाही, कारण स्पर्धा जवळ आली होती.

त्या वर्षी आम्हाला अभिनयाचे एक पारितोषिक मिळाले. ढाल प्राचार्यांच्या दालनात काचेच्या कपाटात ठेवली गेली. अहवालात ‘18 विद्यार्थ्यांचा व्यक्तिमत्त्व विकास’ अशी नोंद झाली. एकोणिसावा विद्यार्थी आमच्या हिशेबात नव्हता.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही भाषाविज्ञान शिकवतो. प्रमाणभाषा आणि बोली यांत भाषिकदृष्ट्या श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद नसतो, प्रमाणभाषेचे स्थान सामाजिक कारणांनी ठरते, हे आम्ही दरवर्षी सांगतो. त्यावर प्रश्न विचारतो, आणि विद्यार्थ्याने तसे उत्तर लिहिले तर पूर्ण गुणही देतो. वऱ्हाडीतल्या ‘न’काराला आम्ही फळ्यावर बोलीचे वैशिष्ट्य म्हणतो. त्याच दिवशी संध्याकाळी तालमीत तोच ‘न’कार आमच्या लेखी दोष झाला. वर्ग आणि तालमीची खोली यांत एका जिन्याचे अंतर होते. तेवढ्या अंतरात आमचे ज्ञान गळून पडले.

दुसरा प्रसंग 2016 सालचा. तीच एकांकिका नव्या मुलांना घेऊन पुन्हा बसवायची ठरली. त्या गटात प्रथम वर्षाची एक मुलगी होती. वर्गात तिचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. मैत्रिणीसोबत ती तालमीला येऊन बसे. काम करशील का, असे विचारल्यावर तिने मान हलवून नकार दिला. म्हणून तिच्या हातात संहिता देऊन तिला प्रॉम्प्टर म्हणून बसवले. पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकाच्या भूमिकेवर चर्चा चालू असताना ती प्रथमच बोलली. ‘मॅडम, आमच्या शाळेचे मुख्याध्यापक पानीच म्हणायचे. आम्हाला गणित त्यांच्यामुळेच आलं.’ एवढेच बोलून तिने पुन्हा संहितेत मान घातली.

चार वर्षांपूर्वी आम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे आमच्यासमोर येऊन पडले. मुख्याध्यापक असा बोलतो. तिने तो पाहिला होता. आमच्या मनात मात्र मुख्याध्यापक म्हणजे पुस्तकातून आलेला, स्वच्छ ‘ण’ उच्चारणारा एक नमुना होता, आणि तो नमुना वाचवण्यासाठी आम्ही एका जिवंत माणसाला बाजूला केले होते. त्या वर्षी मुख्याध्यापक आपल्या बोलीत बोलला. आम्ही प्राथमिक फेरीतच बाद झालो. परीक्षकांच्या शेऱ्यात ‘उच्चारांकडे लक्ष हवे’ असे होते. त्याबद्दल परीक्षकांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. तो शेरा 2012 साली आम्हीच उच्चारला होता.

प्रयोगाच्या दिवशी आणखी एक घटना घडली. एक पात्र गोंधळून नवव्या पानावरून थेट बाराव्या पानावर गेले. मधला मजकूर गळला असता, तर शाळा बंद होण्याचा हुकूम आला आहे हे प्रेक्षकांना कळलेच नसते. प्रॉम्प्टरने सामान्यतः पुढचे वाक्य पुरवायचे असते. या मुलीने विंगेतून दहाव्या पानावरचे, शिपायाचे एकच वाक्य पुरवले. शिपायाचे काम करणाऱ्याने ते उचलले, हुकूम वाचला गेला आणि नाटक रुळावर आले. परतीच्या गाडीत आम्ही तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘बाकीचं गेलं तरी चाललं असतं, सर. ते एक वाक्य नसतं तर पुढच्या कशालाच अर्थ नव्हता.’

पुढे एकदा वर्गात कविता शिकवत असताना तिने हात वर केला आणि विचारले की, तिसऱ्या कडव्यातली ही ओळ पहिल्या कडव्यात आली असती तर चालले असते का. संरचना, घटकांचे परस्परसंबंध, आशय आणि अभिव्यक्ती यांवर आम्ही कितीतरी तास खर्च करतो. तो प्रश्न तिला त्या तासांनी दिलेला नव्हता. 25 दिवस विंगेत बसून, प्रत्येकाच्या तोंडचे प्रत्येक वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणताना, कोणते वाक्य कशाला धरून उभे आहे हे तिला उमगले होते. पारितोषिकांच्या यादीत प्रॉम्प्टरसाठी रकाना नसतो. ती मुलगी आज काय करते, हे सांगण्याचा मोह आम्ही मुद्दाम टाळत आहोत. ती काहीही करत असो, तो प्रश्न तिचा झाला होता, आणि आमच्या मते त्या वर्षीची खरी मिळकत तीच.

तर मग तालमीत नेमके काय घडते? मराठी समीक्षेतच याचे एक जुने सूत्र आहे. 1921 साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावतो, पण स्वतःची जाणीव हरवून बसत नाही. या दुहेरी अवस्थेत वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय सांगता येईल. ही कल्पना आपण परीक्षेपुरती शिकवतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. पण केळकर वाचकाच्या मनाविषयी जे सांगत होते, ते तालमीत देहाने करावे लागते. एकोणीस वर्षांच्या मुलाला निवृत्तीला आलेल्या माणसासारखे खुर्चीतून उठायचे असते. आपल्या बापाचे उठणे त्याला आठवावे लागते. बाप कसा उठतो हे आपण कधी पाहिलेच नाही, असे त्याच्या ध्यानात येते, आणि त्या रात्री घरी गेल्यावर तो पाहतो. हे पाहणे म्हणजेच वाढ. दुसऱ्याकडे नीट पाहिल्याखेरीज भूमिका उभी राहत नाही, आणि भूमिका उभी करण्याच्या गरजेपोटीच तो पाहतो. ‘तुझा विकास करून घे’ असे सांगितले असते, तर त्याने फार तर आरशात पाहिले असते.

येथेच ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या शब्दाशी आमचे भांडण आहे. हा शब्द सगळे लक्ष ‘मी’कडे वळवतो. तालीम ते लक्ष ‘मी’वरून काढून संहितेकडे, समोरच्या पात्राकडे, वेळेवर उघडणाऱ्या पडद्याकडे नेते. माणूस वाढतो तो या दुसऱ्या प्रवासात, आणि स्वतःच्या नकळत वाढतो. ती वाढ हे काम नीट केल्याचे फळ आहे. फळावरच डोळा ठेवला की काम बिघडते.

काम नीट करणे म्हणजे काय, याची आठवण 2022 साली एका निर्णयाने करून दिली. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात घुमणारा ‘अरे आव्वाज कुणाचा’ हा पुकारा ठाऊक नाही असा नाट्यप्रेमी विद्यार्थी विरळा. त्या वर्षी अंतिम फेरीतली कोणतीही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही, असे परीक्षकांनी ठरवले आणि करंडक कुणालाही दिला गेला नाही. त्यावर बरीच चर्चा झाली. मुलांच्या उमेदीवर पाणी पडले, असे काहींचे म्हणणे होते. दर्जाशी तडजोड नको, असे काहींचे. आमचे मत असे की, कलाकृतीचा हिशेब आणि करणाऱ्या माणसाचा हिशेब या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकांकिका कमी पडली असेल तर तसे स्पष्ट सांगावे. मुलांना मोठे समजण्याचा तो एक प्रकार आहे. परंतु करंडक न मिळालेल्या तालमीत कुणी काही शिकलेच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. तसेच, करंडक मिळाला म्हणून सगळे शिकले असेही नाही. बाहेरून मानधन देऊन दिग्दर्शक आणायचा, त्याने शहरात गाजलेला साचा मुलांवर चढवायचा, मुलांनी त्याने सांगितलेल्या जागी उभे राहून त्याने सांगितलेल्या स्वरात बोलायचे, ही पद्धत आता अनेक महाविद्यालयांत रुळली आहे. तिने कपाटातल्या ढाली वाढतात. मुलांना मात्र सूचना पाळण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही.

आता श्रेयांकांकडे येऊ. तालमीला गुण लागू झाल्यावर आमची पहिली प्रतिक्रिया नाराजीची होती. आवडीने होणारी गोष्ट सक्तीची झाली, आता इथेही हजेरीपटच येणार, असे वाटले. पण वर्षभरात एक गोष्ट दिसली आणि ती सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. ‘नाटकं कसली करतेस, अभ्यास कर’ असे ज्या घरांतून ऐकावे लागे, त्या घरांतल्या मुलींना आता ‘याला मार्क आहेत’ असे सांगता येऊ लागले. जे दार आमच्या विनवण्यांनी उघडले नव्हते, ते गुणांनी उघडले. कलेचे पावित्र्य वगैरे शब्द वापरून या मुलींना पुन्हा दाराबाहेर उभे करण्याचा अधिकार कुणालाच नाही.

धोका वेगळ्या ठिकाणी आहे. 2 श्रेयांक म्हणजे प्रात्यक्षिकाचे 60 तास. तास मोजता येतात म्हणून तासच मोजले जातील. छायाचित्र, फलक, हजेरीपत्रक आणि अहवाल एवढे जमले की उपक्रम ‘झाला’ असे मानण्याची आपल्याला सवय आहे. रंगमंचावर दिसणाऱ्याला जास्त आणि विंगेत बसणाऱ्याला कमी गुण, अशी विभागणी तर आपोआपच होईल. आणि उच्चारशुद्धीसाठी एक स्वतंत्र रकाना कुणीतरी आखील, अशी आम्हाला रास्त भीती वाटते. तसे झाले, तर 2012 साली आम्ही जे अनवधानाने केले ते पुढे नियमाने होईल.

म्हणून काही सूचना मांडतो. पहिली, निवड चाचणीत विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या बोलीत वाचू द्यावे. प्रमाण उच्चार भूमिकेला आवश्यक असतील तर ते तालमीत शिकता येतात, ती प्रवेशाची अट असू नये. दुसरी, तालमीची वेळ शेवटच्या एसटीच्या आत संपावी. रात्री नऊपर्यंत चालणारी तालीम ही गावात खोली घेऊन राहणाऱ्यांचीच तालीम असते. तिसरी, प्रकाश, संगीत, नेपथ्य, वेशभूषा आणि प्रॉम्प्टिंग यांना अभिनयाइतकेच गुण असावेत. नाट्यशास्त्रातील चार प्रकारच्या अभिनयांत आहार्यही येतो, हे आपणच वर्गात शिकवतो. चौथी, मूल्यमापन करायचेच असेल तर प्रत्येकाकडून तालमीची वही लिहून घ्यावी. आज काय जमले नाही, कुणाकडून काय पाहिले, संहितेतले कोणते वाक्य आज नव्याने कळले. ही वही खोटी लिहिणे कठीण असते, कारण दुसऱ्याच्या वहीत तोच दिवस वेगळ्या बाजूने लिहिलेला असतो. पाचवी सूचना स्वतःसाठी आहे. चाचणीला येऊन नंतर न आलेल्यांची नावे जपून ठेवावीत आणि त्यांची चौकशी करावी.

2012 सालचा तो मुलगा त्यानंतर आम्हाला एकदाच भेटला. तृतीय वर्षाचा निकाल लागल्यावर दाखला घ्यायला तो कार्यालयात आला होता. आमच्यापैकी एकाशी त्याची जिन्यात गाठ पडली. ‘नमस्कार सर,’ तो म्हणाला, ‘यंदा काय बसवताय?’ त्याच्या स्वरात राग नव्हता, की टोमणा नव्हता. खरोखरची उत्सुकता होती. त्याला काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. त्याच्याशी बोलायला थांबलो नाही, एवढे मात्र आठवते.

यंदाचा कागद आम्ही नव्याने लिहिला आहे. ‘एकांकिकेसाठी निवड चाचणी. वाचन आपापल्या बोलीत करावे. अभिनयाखेरीज प्रकाश, संगीत, नेपथ्य व प्रॉम्प्टिंगसाठीही विद्यार्थी हवे आहेत. तालीम रोज दुपारी. साडेपाचच्या गाडीपूर्वी संपेल.’ ‘सुवर्णसंधी’चे वाक्य काढून टाकले आहे. हा कागद तेव्हाच लिहायला हवा होता.